पान एकशेबारा

"मावशी, माझी खूण कोणी हलवली?"

मावशी शिडीवर होत्या. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायला लागून त्यांना बावीस वर्षं झाली होती, पण असा जाब त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी खाली पाहिलं. जाडजूड पुस्तक छातीशी धरून एकशेबारा उभी होती.

मुलांची नावं काही मावशींच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्या मनातल्या मनात आपली नावं देत. सदा शिंकणारा तो शिंकोबा, पुस्तकावर डोकं टेकून घोरणारी ती उशी. ही डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. गेले अकरा दिवस दार उघडायच्या आधी हजर, आणि संध्याकाळी पुस्तकात खूण घालून टेबलावर ठेवून जाणार. टेबलं आवरताना मुलांनी पेन्सिलीने केलेली गिचमीड खोडरबराने पुसणं हे मावशींचं काम, त्यामुळे ती खूण त्यांना रोज दिसे. अकरा दिवस पान एकशेबारा! दिवसभर मान वर नाही, डब्याला हात नाही, आणि पान काही उलटत नाही. असं आहे तरी काय त्या पानावर? मावशींना चैन पडेना. शेवटी काल त्यांनी ते पान वाचायला घेतलं. एक अक्षर कळेल तर शपथ! मग त्या नुसती चित्रं बघत पुढे सरकल्या, एका चित्रापाशी रमल्या, आणि खूण तिथेच राहिली.

"मीच गं हलवली," एकेक पायरी कण्हत उतरत मावशी म्हणाल्या. "चित्र बघत होते. ते गुडघ्याचंच ना?"

मुलगी भांडायच्या तयारीने आली होती. पण तिची नजर मावशींच्या पायांकडे गेली.

"चढताना दुखतं की उतरताना?"

"उतरताना जीव जातो अगदी."

"बसा इथे."

मावशी स्टुलावर बसल्या आणि ती खाली फरशीवर. तिने गुडघ्यावर हळूच अंगठा ठेवला. "ही वाटी. हिच्या मागे गुळगुळीत गादीसारखं असतं. ते झिजलं की उतरताना जास्त दुखतं. बसल्या बसल्या पाय सरळ करायचा, ताठ धरायचा, दहा आकडे मोजायचे. मांडीत जोर आला की वाटीवरचा भार कमी होतो."

"अगं, तुला तर सगळं येतंय की!"

मुलीचा हात थांबला. "हे गेल्या वर्षीचं. तेव्हा यायचं. आता एक ओळ वीस वेळा वाचते, तरी आत काही जात नाही. सहा पेपर आहेत, मावशी. आईचा फोनसुद्धा उचलवत नाही. कॉलेज सोडायचा अर्ज लिहून ठेवलाय. उद्या देणार."

मावशींनी फडक्याने शेजारची खुर्ची पुसली आणि तिच्याकडे सरकवली.

"तुम्हाला नाही कंटाळा येत? बावीस वर्षं तेच तेच?" मुलीने विचारलं.

"येतो तर! लागले तेव्हा एकशेचाळीस कपाटं एका आठवड्यात चकचकीत करायला गेले, आणि पुढचा आठवडा अंथरुणात काढला. तेव्हापासून रोज एकच कपाट पुसते."

"आणि बाकीची?"

"बसतात धूळ खात. अजून तरी कोणी मेलं नाही त्याने."

मुलगी हसली. मग मान वळवून कपाटांच्या रांगा तिने पहिल्यांदाच पाहिल्यासारख्या पाहिल्या. "आज कुठलं?"

"हे, शिडीजवळचं. झालं की चहा, आणि घर."

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं. दहा वाजले, बारा वाजले. मावशींनी एकच फळी तीनदा पुसली. आपण धुळीच्या गप्पा मारत बसलो आणि पोरगी निघून गेली, असं त्यांच्या मनाने घेतलं.

चार वाजता ती आली. केस ओले, डोळे सुजलेले.

"दिलास अर्ज?"

"झोपले होते. अकरा तास! अर्ज दप्तरातच आहे अजून. आताच सरांना भेटून आले. या खेपेला दोनच पेपर देते, बाकीचे पुढच्या खेपेला."

"आणि आज?"

"आज एकच पान."

सहाला ती गेली. मावशींनी टेबल आवरायला घेतलं, पुस्तक उघडलं. खूण एकशेतेरावर होती. तरी राहवेना म्हणून त्यांनी आपलं ते चित्राचं पान पुन्हा उघडलं. वाटीपाशी पेन्सिलीने एक बाण काढलेला होता, आणि बारीक अक्षरात लिहिलं होतं: मावशींचा गुडघा. उतरताना दुखतो.

सवयीने हात खिशात गेला, खोडरबर बाहेर आला. मावशी त्या ओळीकडे बघत राहिल्या. बावीस वर्षं त्यांनी ही पुस्तकं पुसली होती, पण मावशींबद्दलचं एक अक्षरही त्यांतल्या कशात कधी नव्हतं.

खोडरबर त्यांनी परत खिशात टाकला. मग स्टूल ओढून बसल्या, पाय सरळ ताठ केला, आणि रिकाम्या ग्रंथालयात मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजले.