चादर धरणारी

“मावशी, खुर्ची सरकवा. भोक बुजवायचंय,” सुतार म्हणाला.

“आधी मला बुजव,” म्हणत मावशी खिडकीच्या फळीला पाठ लावून बसली.

फळीतलं ते भोक करंगळीएवढं होतं. त्यातून येणाऱ्या वाऱ्यानं काकांचे कान दुखत, म्हणून सुतार काकांनीच बोलावला होता.

ते भोक पाडलं एका विद्वान भाडेकरूनं, न विचारता. मावशी त्याला हाकलायलाच या खोलीत आली होती. गादीवरची पांढरी चादर ओढून ती दारापर्यंत पोचली, तोच अंधारातून आवाज आला, “तिथंच थांबा!” तिनं पाहिलं. चादरीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग. आपल्या धुण्यावर डाग? या धक्क्यानं ती हललीच नाही.

“भिंत ओबडधोबड आहे, चादरच बरी,” भाडेकरू म्हणाला. “मी ‘पुरे’ म्हणेपर्यंत हलू नका.”

पुढं दोन हिवाळे ऊन पडलं की मावशी चादर धरून उभी. तो लोलक फिरवायचा, एकच रंग निवडून दुसऱ्या लोलकातून सोडायचा. तांबडा तांबडाच राहायचा.

“इतका हट्टी आमच्या घरात एकच आहे,” मावशी म्हणायची. काका खोकायचे.

भाडेकरू गेला, मोठा झाला, त्याचं पुस्तक आलं. तोवर मावशी काकांसकट याच खोलीत राहायला आली होती. पुस्तकातल्या चित्रात भोक होतं, लोलक होता, चादरही होती. अधांतरी, भुतानं धरल्यासारखी.

“यात तू कुठायस?” मी चिडून विचारलं होतं.

मावशीनं चित्र डोळ्यांजवळ नेलं. “चादरीला सुरकुती दिसते का एक तरी?”

“नाही.”

“मग आहे की मी.”

“अगं, माझे कान,” आता काका कळवळून म्हणाले.

“बरं. शेवटचं एकदा धरते.” मावशी उठली, चादर काढली, दारापाशी उभी राहिली. लोलक नव्हताच. चादरीवर उन्हाचा पांढरा ठिपका पडला.

“यात रंग कुठंयत?” सुतारानं विचारलं.

“आत आहेत. बोलावल्याशिवाय येत नाहीत ते.”

तिचे हात थरथरत होते, चादर मात्र हलत नव्हती. हे कसं, ते विज्ञानानं शोधावं. आम्ही थांबलो. ‘पुरे’ म्हणणारा नव्हता, त्यामुळे मावशी चादर खाली करेना. सुतारानं माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे.

काका शिंकले.

“पुरे,” ते म्हणाले.

मावशीनं चादर खाली घेतली, टोकाला टोक जुळवून घडी घातली.

“तुम्ही निघा,” काका सुताराला म्हणाले, आणि त्यांनी मफलर कानांवर ओढून घेतला.