पुठ्ठ्याखालचे नाव

मित्रांनो, पाठीवर काळे कापड आणि कडा झिजून मऊ झालेल्या, असे मी एक जुने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आहे. छापखान्यातून मी सुट्या पानांच्या गठ्ठ्यांत निघाले आणि एका बाइंडरच्या घरी आले. त्याने खळ शिजवली, दाभणाने भोके पाडून मला शिवले, आणि गिऱ्हाइकाला देण्याऐवजी घरातच ठेवून घेतले. माझ्या पहिल्या कोऱ्या पानावर त्याने आपली वंशावळ लिहिली. वर आजा, त्याखाली बाप, मग स्वतः, मग दोन मुलगे आणि एक मुलगी. काही वर्षांनी थोरल्या मुलाच्या खाली एका तान्ह्या बाळाचे नाव आले.

त्या बाळाची आई बाळंतपणातच गेली. दोन महिन्यांनी थोरला तापाने गेला, आणि त्या धक्क्याने म्हातारा बाइंडरही फार दिवस राहिला नाही.

बाळाला धाकट्याने उचलले. त्याने लग्न केले नाही. एका पायाने पाळणा हलवत तो पुठ्ठे कापायचा. पोर पहिल्यांदा त्याला 'बाबा' म्हणाले, त्या दिवशी त्याने मला फळीवरून खाली काढले. माझ्या शेवटच्या पानावर त्याने खालून वर लिहिले: तळाशी बाळ, त्याच्यावर स्वतःचे नाव, मग बाप, मग आजोबा. नंतर मला नवा पुठ्ठा चढवताना पहिल्या पानाला खळ फासून ते पुठ्ठ्याला चिकटवून टाकले आणि वरून जाड अस्तर लावले. मी काय करणार? पुस्तकाला स्वतःचे तोंड नसते.

मुलगा वाढला. थोरला आपला काका होता, एवढेच त्याला सांगितलेले. रोज संध्याकाळी बापलेक मला उघडत. माझी बहुतेक पाने त्यांच्या बोटांनी मळली. माझ्यातल्या येशूच्या वंशावळीची पाने तेवढी करकरीत राहिली, कारण तिथे आले की सगळेच दोन पाने एकदम उलटतात.

अपवाद आत्याचा. ती त्या दोघा भावांची बहीण. प्रार्थनाघरात ती पेटीवर गाऊन प्रवचन करायची, आणि वंशावळीला लागली की मागच्या बाकावरचे लोक घड्याळ काढून खिशात ठेवायचे. म्हणायचे, आता बघून उपयोग नाही. ती गात असताना बाबा मात्र मान खाली घालून बसायचा. ते मलाच दिसायचे.

बाबा म्हातारा होऊन वारला. मुलगा तेव्हा चाळिशीचा, एकटाच. बाबासाठी काहीतरी करावे म्हणून त्याने मला नवी बांधणी करायला घेतले. ओल्या फडक्याने अस्तर भिजवले, हलकेच सोडवले, आणि आजोबांचे पान वर आले. चाळीस वर्षे मी त्याने ते वाचावे म्हणून झुरत होते. त्याचा चेहरा पाहिला आणि वाटले, वाचले नसते तर बरे झाले असते.

त्याने बाबाची तसबीर उतरवली. माझे टाके उसवलेलेच होते. मला तसेच फळीवर टाकून वर दगड ठेवला. चार महिने तो माझ्याखाली बसून इतरांची पुस्तके शिवत होता, पण एकदाही वर पाहिले नाही. घरात कुणी मोठ्याने वाचत नव्हते.

एका दुपारी आत्या मला मागायला आली. त्याने मला खाली काढले आणि शेवटच्या पानाला सुरी लावली.

"हे पान खोटं आहे, आत्या. कापतो आणि मग शिवून देतो."

ती रागावली नाही. गप्प तर मीही राहिले, मग मलाही काप, एवढेच म्हणाली. तिने माझ्या उसवलेल्या पानांच्या ढिगातून मत्तय आणि लूक ही दोन शुभवर्तमाने शोधून शेजारी शेजारी मांडली आणि पेटीशिवाय, खालच्या आवाजात, दोन्ही याद्या गायल्या. मत्तय अब्राहामापासून खाली उतरतो. लूक येशूपासून वर चढत आदामापर्यंत जातो. दावीदापाशी वाट फुटते. एक शलमोनाच्या घरातून जातो, दुसरा नाथानाच्या. मरीयेचा नवरा योसेफ, त्याचा बाप एकाकडे याकोब, दुसऱ्याकडे एली.

"मग खरा कोण?" त्याने विचारले.

"कुणी म्हणतं, एक रक्ताचा बाप आणि एक कायद्याचा. कुणी म्हणतं, दुसरी यादी मरीयेच्या माहेरची. जाणती माणसं अजून वाद घालतात, मला काय कळणार? पण ज्यांनी हे शास्त्र जपलं, त्यांनाही ही पानं जुळत नाहीत ते दिसत होतंच की. तरी त्यांनी एकही फाडलं नाही. आणि येशूबाळ योसेफाच्या तरी कुठे रक्ताचं होतं? देवाने ते त्याच्याच पदरात घातलं."

सुरी अजून त्याच्या हातातच होती. मग आत्या म्हणाली, "भिऊन केलं रे तुझ्या बाबाने. मला म्हणायचा, पोर मला काका म्हणायला लागलं तर मी कुणाचा?"

"मी नसतं म्हटलं काका."

"हे त्याला सांगायचं राहिलं बघ."

त्याने सुरी ठेवली. खळ शिजवली. पहिले पान धुऊन, वाळवून, दोन्ही पाने टाके घालून माझ्यात शिवली.

आता आत्याही नाही. रोज संध्याकाळी तो मला उघडतो, आधी पुढचे पान, मग मागचे. थोरल्याचे नाव वाचून 'बाबा' म्हणतो, धाकट्याचे वाचूनही 'बाबा'च म्हणतो. ऐकायला मी एकटेच.

मित्रांनो, तुमच्या घरातली पाने जुळत नसली तर त्यांच्यावर खळ फासू नका, सुरीही लावू नका. आणि ज्याला जे म्हणायचे, ते तो ऐकायला बसलेला आहे तोवर म्हणा. मला सांगितलेले मी जपून ठेवते, पण मान वर करून 'काय रे, बाळा?' असे मला विचारता येत नाही.