पाणी न पिणारी फांदी

ज्यांचा सारा जन्म लाकडाला पाण्यापासून जपण्यात गेला, त्या पॉलिशवाल्यांच्या हाती उतारवयात एक फांदी बुडवण्याचे काम आले. ते कोणी लादलेही नव्हते. त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले होते.

फांदी पेरूची. मागच्या अंगणातले झाड उभ्याउभ्या वाळले, मुलाने ते तोडून घेतले, तेव्हा सरपणाच्या ढिगातून पॉलिशवाल्यांनी एवढीच एक फांदी बाजूला काढली. तिच्यावर एक खाच होती. त्यांच्या पत्नीने, ती होती तोवर, कपडे वाळत घालायची दोरी याच फांदीला बांधली. ओल्या चादरींच्या ओझ्याने दोरी करकचत राहिली आणि लाकडात बोटभर रुंदीची गुळगुळीत घळ पडली. "अगं, दोरीखाली चिंधी तरी गुंडाळ, फांदी कापली जातेय," असे ते म्हणत. "फांदीची काळजी बरी वाटते, माझ्या हातांची नाही वाटत ती," असे उत्तर येई. हा वाद संसारभर पुरला. आता प्रतिपक्ष उरला नव्हता. खाच तेवढी उरली होती.

"कपाटावर ठेवून ती धूळच खाणार, बाबा," सूनबाई म्हणाली. "माझ्या टाकीत ठेवू या. तुम्हाला खुर्चीतून दिसेल, आणि आमच्या हवालदारालाही आडोसा होईल." हवालदार म्हणजे तिच्या काचेच्या टाकीतला काळा, चपट्या तोंडाचा मासा. तो काचेला चिकटून गस्त घाली आणि उजेड वाढला की पंपामागे दडी मारून बसे.

सूनबाई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती, त्यामुळे तिच्या सूचना त्याच वळणाच्या असत. "कीड लागलेलं आधी कोरून काढायचं. मग ब्रश. साबण अजिबात नाही हं, लाकूड तो शोषून घेतं आणि नंतर मासे मरतात." पॉलिशवाल्यांनी साल सोलली, भुसभुशीत भाग चाकूच्या टोकाने उकरला, खोबणीखोबणीतून ब्रश फिरवला. सर्वांत मोठ्या पातेल्यातही फांदी मावेना, म्हणून आधी एक टोक उकळले, मग दुसरे. पाणी काढ्यासारखे तपकिरी झाले. वाफेने खिडकीची काच आंधळी झाली. बाहेरची गल्ली विरघळली, सायकलींच्या घंट्या जणू दूरच्या तळ्यावरून येऊ लागल्या, आणि स्टुलावर बसल्या बसल्या पॉलिशवाल्यांचे डोळे मिटले. त्यांना दिसले, की पेरूचे झाड हिरव्या पाण्याच्या तळाशी उभे आहे, फांदीवर चादरी वाळत घातल्या आहेत, आणि त्या चादरी मोठ्या पांढऱ्या माशांसारख्या संथ हलत आहेत.

पुढे काम होते ते केवळ धीराचे. न्हाणीघरातल्या टबात फांदी दगडाखाली दाबून ठेवायची, पाणी बदलत राहायचे. लाकूड पोटभर पाणी प्यायले, की आपल्या वजनाने तळ गाठते. पण ही फांदी पाणी पिईना. सूनबाई संध्याकाळी येऊन दगड उचले, आणि फांदी टुणकन वर येई.

"हे लाकूड आहे की बूच?" ती वैतागे आणि आणखी मोठा दगड शोधून आणी.

खरा प्रकार वेगळाच होता. सकाळी तिची पाठ वळली, की पॉलिशवाले फांदी बाहेर काढत, मऊ फडक्याने पुसत, गॅलरीतल्या सावलीत जुन्या चादरीवर वाऱ्याला ठेवत, आणि ती परतायच्या आत पुन्हा टबात दाबत. त्यात त्यांना लबाडी वाटत नव्हती. आजारी माणसाला कूस बदलून द्यावी, तसे ते करीत.

एका दुपारी दार अवचित उघडले.

"डॉक्टरांचीच दाढ ठणकायला लागली, दवाखाना बंद," असे सांगत सूनबाई गॅलरीपर्यंत आली आणि थबकली. "बाबा! हे काय?"

"जरा वारा देत होतो."

"बुडवायच्या फांदीला वारा? रोज देता की काय?"

पॉलिशवाले फडक्याची घडी घालू लागले.

"आणि मी खुळी गावभर दगड हुडकत फिरतेय! शेजारीण विचारत होती, बंगला बांधताय का म्हणून."

त्यांना हसू आले, पण ते टिकले नाही. "पाण्यात राहून खाच फुगली, बुजली, म्हणजे? तिच्या हातची तेवढीच राहिलीय गं."

सूनबाई खाली बसली. तिने खाचेवरून बोट फिरवले, ते पुढे सरकले आणि एके जागी थांबले. "ही चीर आधीपासून होती?"

त्यांनी फांदी उजेडात धरली. केसासारखी बारीक चीर टोकाकडून निघून खाचेच्या अगदी कडेशी येऊन ठेपली होती. ती कशाने पडली, हे त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती. सतत पाण्याखाली असलेला खांब टिकतो, सतत कोरडा असलेलाही टिकतो, लाकूड मरते ते रोजच्या भिजण्यावाळण्याने, हे त्यांनी गिऱ्हाइकांशी तावातावाने भांडून पटवले होते.

"खाच तिची," ते म्हणाले, "पण ही चीर माझी."

ते उठले. फांदी त्यांनी स्वतः टबात नेली आणि दोन्ही हातांनी खाली दाबली. चिरेतून बुडबुड्यांची माळ वर आली.

"दगड दे. तो बंगल्याचा."

त्यानंतरच्या सकाळी फार जड गेल्या. हात न्हाणीघराकडे ओढत. ते त्यांना मांडीखाली दाबून बसत आणि दाराआडच्या त्या निश्चल पाण्याचा विचार करता करता डुलकी घेत. अखेर एके दिवशी सूनबाईने दगड उचलला, आणि फांदी जागची हलली नाही. लाकूड फुगून चीर मिटली होती. खाच मात्र होती तशीच होती, ओलाव्याने थोडी अधिक गडद.

टाकीत गेल्यावर फांदीने उरलेला रंग हळूहळू सोडला. पाणी मधासारखे झाले. दुपारचे ऊन त्यातून गाळून येई आणि समोरची भिंत, खुर्ची, पॉलिशवाल्यांचे हात, सारे त्या रंगात बुडून जाई.

"पाणी बदलू का, बाबा? माशांना याचा त्रास नाही म्हणा, पण गढूळ दिसतं."

"गढूळ कुठलं! ही छटा आणायला मी आयुष्यभर पॉलिशचे डबे घोटले, कधी जमली नाही. राहू दे."

हवालदार अजून पंपामागेच होता. पॉलिशवाल्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. त्यांना कसलीच घाई नव्हती.