टिटवीचा पाय आणि ओढबाबांचा टॉवेल

"आलं! आलं! रक्त आलं!"

क्लबहाउसच्या दारातल्या पहिल्या रांगेतून आरोळी उठली आणि मागची दीडेकशे माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढायला लागली. खोलीच्या मधोमध टेबल टेनिसचं टेबल ओढून घेतलं होतं. त्यावर टिटवी पालथी झोपली होती. तिच्या उजव्या मांडीच्या मागच्या बाजूवर पांढराशुभ्र टॉवेल अंथरला होता आणि त्यावर, कातडीला साधा ओरखडाही नसताना, तळहाताएवढा लालभडक डाग पसरत चालला होता.

"हे नासकं रक्त," ओढबाबा म्हणाले. आवाज मोठा गोड. "मॅच खेळून खेळून रक्त तापतं, नासतं आणि मांडीत दडून बसतं. इथले तज्ज्ञ म्हणे, स्नायू फाटलाय. अहो, माणूस म्हणजे काय विजार आहे फाटायला?"

सगळे खदखदून हसले आणि माझ्याकडे वळून बघायला लागले. कारण 'फाटलाय' असं म्हणणारी तज्ज्ञ मीच. मी या फुटबॉल क्लबची फिजिओ. आणि टिटवीची सख्खी मावशी.

टिटवी हे काही तिचं खरं नाव नव्हे. मैदानावर सतत ओरडायची, "इकडे दे, इकडे दे!", म्हणून पडलेलं. वीस वर्षांची. आठवडाभर दोऱ्याच्या कारखान्यात रिळं भरायची, सुट्टीच्या दिवशी उजव्या बगलेतून अशी सुसाट निघायची की समोरच्या बॅकला फक्त तिची पाठ दिसायची. फायनल बघायला मोठ्या क्लबची माणसं येणार होती, तिच्यासाठीच.

पण आठ दिवसांत तीन मॅच झाल्या होत्या. मांडीच्या मागचे स्नायू, हॅमस्ट्रिंग म्हणतात त्यांना, एका मॅचनंतर पुरते ताळ्यावर यायला दोन-तीन दिवस घेतात, कधी जास्तच. प्रत्येक मॅचनंतर मी पोरींना पालथं झोपवून टाच माझ्या हातातल्या जोर मोजायच्या काट्यावर दाबायला लावते. टिटवीच्या उजव्या पायाचा आकडा दर खेपेला खाली येत होता. मी कागद घेऊन सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "बाई, गोल कागदावर होत नाहीत."

सेमीफायनल संपायला दहा मिनिटं होती. टिटवी बॉलमागे सुटली आणि मागून कुणी ढेकूळ मारल्यासारखी गर्रकन वळली, मांडी धरून खाली बसली. मी तपासलं. स्नायू अर्धा फाटला होता. सहा आठवडे तरी विश्रांती आणि व्यायाम. फायनल सातव्या दिवशी.

मग सेक्रेटरींनी ओढबाबांना आणलं. दुखणं टॉवेलमध्ये ओढून काढतात, म्हणून ओढबाबा.

बाबांचा कार्यक्रम शिस्तीचा. आधी मधात कालवलेली चिमूटभर पांढरी भुकटी. मग प्रवचन, चांगलं पाऊण तासाचं. टॉवेल स्वतःचे आणत नसत, क्लबकडूनच कोरे मागत, म्हणजे शंकेला जागा नको. फक्त ते तासभर शेजारच्या खोलीत 'भारून' घ्यायचे. शेवटी मांडीवर 'शक्तीचं पाणी' शिंपडायचं आणि वर टॉवेल.

"ऊठ पोरी," बाबा म्हणाले. "चाल."

टिटवी चालली. लंगडत आली होती, ती सरळ चालली. बाबांनी गुडघा वाकवून पाय वर घ्यायला लावला, तिने घेतला. टाळ्यांनी छप्पर दणाणलं. दाजींच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"तिला गुडघा सरळ ठेवून पाय उचलायला सांगा," मी ओरडले. "धावायला सांगा!"

"संशयाची सावली पडली तर हातातली शक्ती आटते," ओढबाबा हळुवारपणे म्हणाले. दोन जणांनी मला दंडाला धरून बाहेर नेलं. दोघांचेही घोटे मीच बरे केले होते.

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेले.

"दाजी, दुखणं थांबलंय, जखम नाही भरलेली. पळाली तर पुरती तुटेल."

"तू सहा आठवडे सांगितलेस, त्यांनी एका तासात चालवली," दाजी म्हणाले. "आता मी कुणाचं ऐकू, तूच सांग."

टिटवीने माझा हात धरला. "मावशी, खरंच नाही गं दुखत. एकच मॅच. पुन्हा कोण येणारे मला बघायला?"

ती माणसं पुन्हा येतील, असं खोटं बोलणं मला जमलं नाही.

तंदुरुस्तीच्या कागदावर सही करायला मी नकार दिला. सेक्रेटरींनी सही आणली. दातांच्या डॉक्टरांची. कोचकडे गेले तर तो बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला. "मला कळतंय सगळं," तो म्हणाला, "पण मी नाही म्हटलं तर उद्या इथे दुसरा कोच असेल."

फायनलच्या दिवशी सकाळी पुन्हा भुकटी, पुन्हा टॉवेल. मॅच सुरू झाली. एकोणीस मिनिटं टिटवी धावली, आणि खोटं कशाला सांगू, एक क्षण मलाही वाटलं, चुकले असेन मी. चुकलेली बरी.

विसाव्या मिनिटाला तिला मोकळा बॉल मिळाला. तिने वेग घेतला. मी बाकावर होते, बरीच लांब, तरी आवाज ऐकल्याची शपथ घेईन. ओली दोरी तुटावी तसा. टिटवी तोंडावर पडली आणि पहिल्यांदाच मैदानावर तिचा आवाज आला नाही.

स्नायूला हाडाशी बांधणारी कंडराच उपटून निघाली होती. ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, वर्षभराने धावेल. आधीसारखी? त्यांनी खांदे उडवले.

ओढबाबांनी निरोप पाठवला : मावशीच्या संशयाने बाधा झाली. कारखान्यात, गल्लीत, जिन्यावर लोक माझ्याकडे बघून कुजबुजायला लागले.

उलगडा झाला तो क्लबच्या धोबीणबाईंमुळे. जन्मभर खेळाडूंचे कपडे धुतलेली बाई. बाबांच्या कार्यक्रमातले टॉवेल त्यांच्याकडेच आले होते. त्या दवाखान्यात मला शोधत आल्या, हातात पिशवी.

"बाई, हे रक्त नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, जन्म गेला डाग काढण्यात. रक्ताचा डाग वाळला की तपकिरी होतो. हा वाळून गुलाबीच. रक्त साबणात फिकं होतं, हे मेलं साबण लागला की जास्तच खुलतं. आणि लिंबू पिळलं की डाग गायब! असलं रक्त मी तरी नाही बघितलं."

शाळेतला प्रयोग मला तिथेच आठवला. फिनॉल्फ्थॅलिन नावाचं रंगहीन द्रावण असतं, सोड्याचं पाणी लागलं की लाल-गुलाबी होतं. टॉवेल 'भारायचे' म्हणजे त्यात हे द्रावण मुरवून वाळवायचे. 'शक्तीचं पाणी' म्हणजे धुण्याचा सोडा. बाबांनी घरी घ्यायला दिलेल्या भुकटीची एक पुडी टिटवीच्या खिशात उरली होती. ती तपासून घेतली. वेदनाशामक गोळ्यांची पूड, दुप्पट मात्रेत, वर स्टेरॉइड. गोळी अंगात भिनायला अर्धा-पाऊण तास लागतो. प्रवचन तेवढंच का असायचं, ते आता कळलं.

पुढच्या रविवारी क्लबहाउसमध्ये धोबीणबाईंनी सेक्रेटरींची पोटरी पुढे करायला लावली, सोड्याचं पाणी शिंपडलं, मी द्रावणात भिजवून वाळवलेला टॉवेल ठेवला. टॉवेल लालभडक झाला.

"घ्या साहेब," त्या म्हणाल्या, "तुमचंही नासकंच निघालं!"

हसू पिकलं. पण आले होते जेमतेम तीसजण. त्यातलाही एक जाता जाता म्हणालाच, "टॉवेलचं सोडा हो, पण बाबांच्या हातात काहीतरी असणारच."

दाजी शेवटपर्यंत बसून राहिले. "पण ती चालली होती ना," ते म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितलं."

"चालायला हा स्नायू फारसा ताणावा लागत नाही, दाजी. पळताना लागतो. आणि तो फाटलाय हे सांगणारं दुखणं होतं, तेच त्यांनी गप्प केलं."

दाजी म्हणाले, "मीच तिला पाठवली."

पोलिसांत तक्रार दिली आहे. पुडीच्या तपासणीचा कागद जोडला आहे. 'बघू' असं उत्तर मिळालं आहे. बाबा गावातून गेले. परवा दुसऱ्या गावातल्या एका फिजिओने मला त्यांचं नवं पत्रक पाठवलं. त्यावर फोटो आहे : टिटवी, केस मागे उडालेले, दोन्ही पाय जमिनीपासून वर. खाली छापलंय, 'सात दिवसांत मैदानावर!' फोटो खोटा नाही. पहिल्या एकोणीस मिनिटांतला आहे.

मी ते पत्रक थांबवू शकत नाही. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या गावात कुणी एका तासात पाय बरा करत असेल, तर त्याने पोटात काय दिलं ते विचारा, टॉवेल कुठे नेला होता ते विचारा. आणि त्याने चालवून दाखवलेली माणसं महिन्याभराने कशी आहेत, ते त्यांच्या घरी जाऊन बघा. विचारल्याने खरं औषध आटत नाही. फाटलेल्या स्नायूला भरून यायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणालाही ओढून काढता येत नाही.