हळदीवरचं रक्त

१९७२ सालचा उन्हाळा. पुणतांब्याला गोदावरीच्या कोरड्या पात्रात माणसांची रांग लागली होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे हळदीचा ओला लेप होता. हळद लावून आल्याशिवाय पालेबाबा कुणाला हात लावत नसे. लेपावर तो पाल्याचा रस ओती आणि लालभडक ओघळ निघत.

"बगा, क्यान्सरचं रगात भाईर पडलं! आमी न्हाई म्हनत, पुन्याची लॅबोरेटरी म्हनती!" बाबा ओरडत होता.

नीलांबरी नुकतीच एस.टी.तून उतरून आली होती. ती लॅबोरेटरी म्हणजे ती स्वतःच होती. तीन वर्षं ती पुण्यात हेच करत होती: पाला वाटायचा, अर्क काढायचा, काचेच्या नळीतल्या कॅन्सरच्या पेशींवर घालायचा आणि मेलेल्या पेशी मोजायच्या. तिच्या वडिलांनी, निवृत्त मास्तर विष्णुपंतांनी, नदीकाठच्या एका झुडपाचा पाला धाडला होता. 'नळीतल्या पेशी मेल्या,' असं तिनं कळवलं. लेकीच्या कौतुकानं विष्णुपंतांनी ते पत्र पारावर तीनदा वाचलं. 'पण नळीत पेशी मिठाच्या पाण्यानंही मरतात; यावरून औषध ठरत नाही,' ही पुढची ओळ मात्र त्यांनी गाळली.

रांगेत घराशेजारच्या छबूबाई होत्या. छातीत गाठ. नगरच्या इस्पितळातली ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा चुकवली होती. तिसरी उद्याची होती.

"मावशी, चला घरी."

"निले, तूच लिवलंस ना? मंग आता का आडवी येती?"

नीलांबरी त्यांच्याजवळ वाळूत बसली. तेवढ्यात बाबानं छबूबाईंच्या लेपावर रस ओतला. लाल ओघळ पोटावरून खाली आला. नीलांबरीनं तो बोटानं टिपला. बोटाला चुन्याच्या पाण्यासारखं बुळबुळीत लागलं.

"मावशी, तुमची पानाची चंची द्या."

चंचीतला चुना तिनं पाण्यात कालवला, वरची निवळी घेतली आणि स्वतःच्या तळहाताला हळद फासून त्यावर ओतली. तळहात लाल झाला.

"मला तर गाठ न्हाई मावशी. हे रगात कुठलं?"

छबूबाई वाकून बघत राहिल्या. "अगं बया! हे तर कुंकू! माजी सासू हळदीला चुना देऊन घरीच करायची!"

"न्हाई, न्हाई! ह्या बाईची सावली पडली रसावर!" बाबा ओरडला.

"गप रे मुडद्या!" छबूबाई म्हणाल्या. "कुंकू काय आमाला शिकवतो?"

दुसऱ्या दिवशी त्या नगरला गेल्या. दोन महिने आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या चार वर्षं जगल्या.

पालेबाबा त्याच आठवड्यात उठून गेला. पुढे कुठेतरी नारळातून फुलं काढून दाखवतो, असं कळलं. विष्णुपंतांनी पुन्हा कधी पारावर पत्र वाचलं नाही. नीलांबरीनं निवृत्तीपर्यंत नऊशेवर पाले तपासले. त्यांतल्या एकाचंही औषध झालं नाही. पाल्यातून औषध निघतं, पण नळीनंतर उंदीर, मग माणूस, असं वर्षानुवर्षं पारखून.

म्हणून एवढंच सांगणं: चमत्कार दिसला, तर तो आपल्या हातावर करून पाहा. आणि पत्र कुणाचंही असो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.