एकोणिसाव्या मजल्यावरची काळी पट्टी

बाळकुमच्या मिठागरावर टॉवर उभा राहिला आणि जागेच्या बदल्यात केशरबाईंच्या घराला एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. बिल्डरने हौसेने प्रत्येक गॅलरीखाली रंगीत दिव्यांची एकेक पट्टी बसवली होती. संध्याकाळचे सात वाजले की अख्खी इमारत निळी, मग गुलाबी, मग हिरवी व्हायची. रोज कुणाचं लग्न निघायचं देव जाणे. गावातले म्हातारे नाकं मुरडायचे आणि नातवंडांचं निमित्त करून तेच आधी बघायला यायचे.

केशरबाईंची थोरली सून दर्शना मात्र गॅलरीत फारशी जायची नाही. तिचा नवरा सिद्धेश आषाढात तिच्याशी भांडून कल्याणला म्हणून निघाला, तो परतलाच नाही. तीन दिवसांनी त्याची मोटारसायकल खाडीपुलाजवळ सापडली. पोलिसांनी खाडी धुंडाळली, पण तो काही मिळाला नाही.

इकडे धाकट्या विकीचं लग्न ठरलेलं. मुलीकडचे निरोपावर निरोप धाडत होते, की थोरला आहे की नाही, एक काय ते ठरवा. शेवटी पितृपक्षात गवताचा पुतळा जाळून सिद्धेशचे दिवस घालायचं ठरलं. केशरबाईंनी सुनेला विचारलं, "तू काय बोलतंस, बाय?" दर्शनाच्या मनातला राग अजून निवला नव्हता. ती म्हणाली, "करा."

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघू लागली, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववून सगळ्यांना मोकळं केलं. लग्न अडू नये म्हणून वर्षश्राद्धही लगोलग उरकून टाकलं. दर्शनाने मंगळसूत्र कपाटात ठेवलं आणि खरं सांगायचं तर तिला हलकं वाटलं. वाट बघून बघून ती थकली होती.

मार्गशीर्षात लग्न आलं. हळदीच्या दोन दिवस आधी, बुधवारी, सातच्या ठोक्याला टॉवर उजळला आणि यांच्या गॅलरीखालची पट्टी तेवढी काळी राहिली. ऐन लग्नघराचा दिवा गेला, म्हणून विकीचा पारा चढला. दिव्यांचं काम बघणारा विनीत वर्तकनगरहून धावत आला. त्याने नवी पट्टी आणली, गॅलरीत फरशीवर ठेवून लावून दाखवली. लख्ख गुलाबी लागली. तीच बाहेर जागेवर बसवली आणि ती विझली. पुन्हा आत घेतली की लागायची, बाहेर गेली की काळी. विनीतने कपाळावरचा घाम पुसला आणि उद्या येतो म्हणून सटकला.

विकीने मग गॅलरीच्या कठड्याला बाजारातली माळ गुंडाळली. तीही लागेना. घरातले दिवे मात्र ठणठणीत होते.

हळदीला खाली मैदानात डीजे लागला, पाचशे पानं उठली. नणंदांनी हाताला धरून ओढली तेव्हा दर्शनाही नाचली. कितीतरी महिन्यांनी ती पोटभर हसली. नाचता नाचता तिची नजर वर गेली, तर सगळ्या झगमगाटात त्यांच्याच गॅलरीखाली तो काळा पट्टा. तिने पाठ फिरवली आणि पुन्हा नाचू लागली.

लग्न पार पडलं, नवी सून करिश्मा घरात आली, सत्यनारायण झाला. पट्टी काळीच होती.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सात वाजता ती आपोआप लागली. त्याच वेळी दाराची बेल वाजली. बाहेर विनीत उभा होता, हातात तक्रारींची वही.

"ताई, आज लागली ना?"

"लागली. काय केलंत?"

"काहीच नाही. आज लागणार हे मला माहीत होतं, म्हणून आलो." त्याने आवाज उतरवला. "बाराव्या मजल्यावरच्या जाईबाई गेल्या, त्या संध्याकाळपासून त्यांची पट्टी बंद होती. दहा दिवस. अकराव्या दिवशी लागली. नंतर सी विंगमध्ये दोनदा तसंच झालं. सगळं इथे लिहिलंय. म्हणून विचारतो, राग मानू नका. तुमच्याकडे त्या बुधवारी कोण गेलं?"

"कोणी नाही. आमच्याकडे लग्न होतं," दर्शना म्हणाली.

आणि मग तिने बुधवारपासून बोटं मोजली. दहा पुरी झाली. तिने दाराची चौकट धरली. म्हणजे पितृपक्षात, पिंडाला कावळा शिवत नव्हता तेव्हा, तो कुठेतरी जिवंत होता. हळदीच्या दोन दिवस आधीपर्यंत होता. कदाचित बायको अजून आपल्याला शोधत असेल, असं धरून बसला असेल.

विनीत काय समजायचं ते समजला. वही मिटून तो लिफ्टकडे गेला.

आतून केशरबाईंनी विचारलं, "कोन हाय गं? दिवा लागला का?"

"लागला, आई."

"बरा झाला बाय. सुटलो एकदाचे."

दर्शनाला हंबरडा फोडायचा होता. पण सिद्धेशसाठी ती साऱ्या गावासमोर एकदा रडून चुकली होती, आणि त्याचे खरे दहा दिवस घरभर हळद खेळण्यात सरले होते.