भोंग्याची दिशा

अर्धांगाच्या झटक्यात दादाची वाचा गेली, डावा हात तेवढा वाचला. त्या हाताने तो रोज संध्याकाळी रेडिओवरून मोर्सच्या टिकटिकीत मला हाक मारायचा, आणि मला इकडे काडीचंही ऐकू यायचं नाही. आज सकाळी भावजयीचा फोन आला. "वन्सं, आजही तुमचं उत्तर आलं नाही तर सेट देऊन टाक, असं लिहून दिलंय यांनी."

दोष दादाचा नव्हता. तो पूर्वेला, आणि माझ्या पश्चिमेला अख्खं शहर. तिथले हौशी रेडिओवाले दिवेलागणीला एकदम बोलत सुटतात. त्यात पहिला नंबर भोंग्याचा, हे मीच ठेवलेलं नाव. या गृहस्थांच्या हाती माईक आला की सुटत नाही. मागे एकदा मी त्यांना चांगलंच झापलं होतं. पण एकट्या भोंग्याला गप्प करून काय होणार? ती दिशाच गप्प करायला हवी होती.

त्यासाठी मी अंगणात तारेचा उभा चौकोन ताणला होता. त्याच्या एका बाजूला रेडिओची वायर, समोरच्या बाजूला रेझिस्टन्स, म्हणजे नॉबने कमी-जास्त करायचा विजेचा अडथळा. तो नेमका जुळला की मागून, म्हणजे शहराकडून, येणारा आवाज तिथेच जिरतो. जुळवताना मात्र मागून कुणीतरी सतत बोलत राहावं लागतं. म्हणजे झक मारत भोंग्यालाच फोन.

"अहो, आज जरा बोलत राहाल का?"

भोंगा चक्क अडखळला. "मी? कशाबद्दल?"

"काहीही."

दिवेलागणीला दीर अंगणात नॉब धरून बसला, मी खिडकीत हेडफोन लावून. भोंग्याने बिघडलेल्या मिक्सरपासून सुरुवात केली.

"वहिनी, वाढला का आवाज?"

"अरे शहाण्या, वाढवायचा नाहीये, घालवायचाय! उलटा फिरव."

भोंगा हळूहळू बारीक होत गेला. मिक्सरवरून तो बायकोवर आला होता. "ती गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, म्हणून मी इथे..."

"बास! आता हलवू नकोस," मी ओरडले. त्यांचं वाक्य तिथेच बुडालं. मला वाईट वाटलं, पण थांबायला वेळ नव्हता.

आणि मग ती टिकटिक आली. अडखळत, मध्येच चुकत, पुन्हा सुरू होत.

"चिमे, आहेस का?"

मी मोर्सची कळ दाबू लागले. "आहे रे दादा. सगळं ऐकू येतंय."

टिकटिक पुन्हा सुरू झाली, "रडतेस वाटतं. अक्षरं चुकतायत."

दादाचा हात दमेपर्यंत आम्ही बोललो. सेट ठेवणार आहे, असं त्याने स्वतःहून सांगितलं. दीर चहा टाकायला आत गेला. मी रेडिओ बंद करणार, तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, चौकोनाची दिशा शहराकडे उलटवायचं बटण दाबलं.

भोंगा बोलतच होता. घसा पार बसला होता. थांबा म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी माईक उचलला. "ऐकतेय. ते बायकोचं ऐकायचं अर्धं राहिलं माझं. पहिल्यापासून सांगा."